चवथीपासून शिगम्यापर्यंत: जुन्या मशीनवरचा काँट्रा

काँट्रा हा जुना व्हिडिओ गेम अवघड आहे, असं सगळेच सांगतात. इतके महिने रात्रीची जेवणं आटोपल्यावर तो खेळल्यानंतर माझं मत असं आहे: तो अवघड आहे, पण लबाड नाही. आजच्या फार थोड्या खेळांबद्दल मी हे म्हणेन.

मशीन आहे ६० पिनांची कार्ट्रिज घेणारं, आपल्याकडे ज्याला सरसकट ‘टीव्ही गेम’ म्हणायचे तेच. गोव्यातल्या डिचोलीत ओळखीच्या घरातून चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी आणलं. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधून झाली, आरत्या आटोपल्या की घरात जमलेली मुलं त्याच्याभोवतीच.

कोनामी या जपानी कंपनीने हा खेळ १९८७ साली आर्केडसाठी (नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी) आणि १९८८ साली घरच्या निन्टेन्डो मशीनसाठी काढला. मूळ जपानी कथा इ. स. २६३३ मधली: न्यूझीलंडजवळच्या गालुगा द्वीपसमूहावर परग्रहावरून आलेल्या शक्तीचा तळ, आणि तो उडवायला निघालेले दोन सैनिक, बिल आणि लान्स. एकूण आठ टप्पे. जंगल, तळ, धबधबा, पुन्हा तळ, बर्फ, मग कारखान्यासारखे दोन टप्पे आणि शेवटी थेट त्या परग्रही प्राण्याच्या शरीरात. जंगलातल्या माणसांशी सुरू झालेली लढाई मांसल भिंतींपर्यंत कशी जाते, ते हळूहळू कळतं. कुठेही संवाद नाही. सगळं चित्रांतून सांगितलंय आणि मला ते अजून भारावून टाकतं.

एक गोळी लागली की जीव गेला. तीन जीव, तीन कंटिन्यू (जीव संपल्यावर पुढे खेळायच्या संधी). पण तोफा आणि खडकाआडचे नेमबाज ठरलेल्या जागीच असतात. पळत येणारे सैनिक तेवढे कधी पुढून, कधी मागून येतात. उडी हवेतसुद्धा वळवता येते. पाण्यात खालचं बटण दाबलं की बुडी मारता येते आणि गोळ्या वरून जातात. खेळाडूला लागणारं सगळं पहिल्या टप्प्यातच हाती दिलंय, पुढे फक्त ते वापरायचं.

बंदुकांत ‘एस’ला तोड नाही, पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटतात. ‘एल’ म्हणजे लेसर. ताकदवान आहे, पण पहिला किरण पोचायच्या आत परत बटण दाबलं की तो तिथेच तुटतो, म्हणून घाईच्या माणसाने घेऊ नये. ‘एफ’ची आग गिरक्या घेत जाते. मुलांना आवडते, मला नाही.

दोघांनी खेळणं हा या खेळाचा खरा प्राण. धबधब्याच्या टप्प्यात पडदा वर सरकतो आणि जो मागे राहिला तो खाली पडून मरतो. माझा भाचा सुरुवातीला झपाझप वर जायचा. आता तो कड्यावर थांबतो, “मामा, या वर” म्हणतो आणि मी पोचल्यावरच उडी मारतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. तीस जीवांचा कोनामी कोडही चालतो: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि स्टार्ट. तो काझुहिसा हाशिमोतो यांनी कोनामीच्याच ग्रॅडियस या खेळाच्या वेळी स्वतःच्या तपासणीसाठी घातला होता. लहान मुलांसोबत खेळताना तो जरूर वापरा, नाहीतर तिसऱ्या टप्प्यापुढे काय आहे ते त्यांना दिसणारच नाही.

आता तांत्रिक गोष्टी. गर्दीत माणसं आणि गोळ्या लुकलुकतात. मशीन बिघडलेलं नाही. या चित्रचिपला एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृती दाखवता येतात, त्याहून जास्त झाल्या की खेळ आळीपाळीने त्या दाखवतो.

दुसरी गोष्ट वेगाची. मूळ अमेरिकी आणि जपानी मशीन सेकंदाला ६० चित्रं काढतं, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेली बरीच यंत्रं ५०. त्यामुळे खेळ आणि संगीत दोन्ही साधारण एक षष्ठांशाने संथ चालतात. २०१९ च्या काँट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन या जुन्या काँट्रा खेळांच्या संचात पहिल्या टप्प्याचं संगीत ऐकलं तेव्हा ते मला धावत असल्यासारखं वाटलं. माझ्या पिढीच्या कानात बसलेली चाल ही संथच आहे आणि मला तीच प्रिय आहे. त्याच संचात जपानी आवृत्तीही आहे. तिच्यात जंगलाची पानं हलतात, बर्फ पडतं, टप्प्यांच्या मधे नकाशा येतो. कार्ट्रिजमधल्या कोनामीच्या वेगळ्या चिपमुळे ते जमलं. माझ्या कार्ट्रिजवर यातलं काही नाही.

टीव्ही डब्बावालाच ठेवा. एलईडीवर जोडून पाहिलं: बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंत किंचित उशीर होतो आणि सातव्या टप्प्यातल्या वरून येणाऱ्या काटेरी पंजांखाली तो जीवघेणा ठरतो. एलईडीशिवाय इलाज नसेल तर गेम मोड चालू करा.

गोव्याच्या पावसाळ्यात कार्ट्रिजच्या पिना हिरवट पडतात आणि पडद्यावर नुसते रंगीत चौकोन येतात. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने गंज वाढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण सुकू द्या आणि कार्ट्रिज सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात ठेवा. दुसऱ्या पॅडचं फायरचं बटण डिसेंबरात बसलं. आतली रबराची पट्टी बदलून घेतली, काम स्वस्तात झालं.

एकट्याने आणि फक्त खेळासाठी हवा असेल तर ॲनिव्हर्सरी कलेक्शन घ्या, त्यात सेव्ह करता येतं. घरात दोन पॅड धरणारे हात असतील आणि जुना टीव्ही अजून चालत असेल, तर हेच मशीन शोधा. घेताना दोन्ही पॅडची सगळी बटणं दाबून पाहा, आणि शेवटच्या टप्प्यात ‘एस’ हातात ठेवूनच शिरा.