कमी पाण्याचं यंत्र की गरम पाण्याचा एक्स्ट्रॅक्टर? ऑफिसच्या कार्पेटसाठी निवड करताना

कार्पेट ओलं राहिलेलं तुमच्याकडे किती तास चालेल, हे आधी ठरवा. रात्री अकराला सफाई सुरू होऊन सकाळी आठला माणसं यायला लागत असतील, तर यंत्राची अर्धी निवड तिथेच होऊन जाते. हा आढावा हाउसकीपिंगसाठी यंत्र घेणाऱ्यांसाठी आहे, आणि माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो: चिकटवलेलं, आखूड लूपचं (तंतू न कापता त्यांचे फास ठेवलेलं) कार्पेट किंवा कार्पेट टाइल (चौकोनी तुकड्यांचं कार्पेट) असेल, तर पहिलं यंत्र कमी पाण्याचं घ्यावं आणि एक्स्ट्रॅक्टर अधूनमधून भाड्याने आणावा.

एक्स्ट्रॅक्टर गरम पाणी आणि रसायन दाबाने तंतूंमध्ये सोडतो आणि लगेच व्हॅक्यूमने ओढून घेतो. मळ पाण्याबरोबर टाकीत येतो, डोळ्यांना दिसतो. पण सगळं पाणी परत येत नाही. कार्पेट वाळायला हवा खेळती असेल तर सहा-आठ तास लागतात, बंद खोलीत पूर्ण दिवसही जातो. कमी पाण्याच्या पद्धतीत थोडंसं द्रावण फवारायचं आणि ब्रशने किंवा पॅडने चोळायचं. बहुतेक वेळा तास-दोन तासांत, कधी अर्ध्या तासातही, चालण्याजोगं होतं. यातली आज सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे एन्कॅप्सुलेशन. द्रावणातलं पॉलिमर सुटलेल्या मळाभोवती वाळतं, त्याचे ठिसूळ कण होतात आणि ते पुढच्या नेहमीच्या व्हॅक्यूमिंगमध्ये निघतात.

डाग परत का येतो

कॉफी सांडली की वर दिसतो तो तिचा थोडाच भाग असतो. बाकीची तंतूंच्या बुडाशी, बॅकिंगपर्यंत, म्हणजे तंतू धरून ठेवणाऱ्या खालच्या थरापर्यंत, उतरलेली असते. एक्स्ट्रॅक्टरचं पाणी तिथवर पोचतं आणि ती विरघळवतं. जी ओढली जात नाही ती कार्पेट वाळताना तंतूंवरून वर चढते, कारण पाणी हवेत उडतं ते टोकांवरून. पाणी उडून जातं, रंग टोकांवर साचतो. काल स्वच्छ दिसलेल्या जागी आज तोच डाग हजर! माणसं सफाई करणाऱ्याला दोष देतात, पण बऱ्याचदा पाणीच जास्त झालेलं असतं.

कमी पाण्याच्या पद्धतीत बूड फारसं भिजत नाही, त्यामुळे वर चढायला ओल नसते. थोडं काही चढलंच तरी ते पॉलिमरच्या कणांत अडकतं. म्हणून परत येणाऱ्या डागांवर ही पद्धत मला सरस वाटते. मात्र इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की बुडाशी गेलेली कॉफी बुडाशीच राहते. बैठकीच्या खोलीत ते चालून जातं. लहान मुलं जमिनीवर खेळतात तिथे, किंवा उलटी-लघवी झालेल्या जागी, ते अजिबात चालू नये. तिथे पाणी घालून ते ओढून काढण्याला पर्याय नाही.

कमी पाण्याची यंत्रंही एकसारखी नाहीत

सर्वांत स्वस्त म्हणजे बॉनेट: फरशी घासायच्या गोल यंत्राखाली ओलसर पॅड लावायचा. काम झटपट होतं, पण मळ वरवरचाच निघतो, पॅड वेळेवर बदलला नाही तर तोच मळ पुढे पसरतो आणि कट पाइल (पाइल म्हणजे वरचे उभे तंतू; इथे त्यांची टोकं कापलेली असतात) कार्पेटच्या तंतूंचा पीळ सुटून टोकं फुलतात. गोल खुणाही राहतात. बॉनेटने सफाई केल्यास आपली हमी लागू नाही असं म्हणणारे कार्पेट उत्पादक आहेत, तेव्हा हमीचा कागद आधी वाचा. लॉबीत कार्यक्रमाआधी घाईने चेहरा सुधारायचा असेल तर ठीक. मुख्य पद्धत म्हणून मी बॉनेट सुचवणार नाही.

एकमेकांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या दोन लांबट ब्रशांचं यंत्र मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ब्रश तंतूंच्या बाजूंपर्यंत पोचतात, दबलेला पाइल उभा करतात, आणि ओलं काम सुरू करण्याआधी कोरडंच फिरवलं तर व्हॅक्यूमला न निघालेले केस आणि धागे बाहेर काढतात. कंप पावत फिरणाऱ्या पॅडचं ऑर्बिटल यंत्र पाइलला कमी त्रास देतं आणि शिकायला सोपं असतं. मोठ्या सपाट मजल्यांवर ते शोभतं. पावडर चोळून मग ओढून घेण्याची पद्धत चोवीस तास उघड्या जागांसाठी सोयीची, कारण त्यावर लगेच चालता येतं. पण पावडर लूपमध्ये अडकून राहते आणि ती काढायला दमदार व्हॅक्यूम लागतो.

पाणी कुठे धोक्याचं, कुठे गरजेचं

ज्यूटचं बॅकिंग असलेलं विणीचं कार्पेट जास्त भिजलं तर आक्रसतं, आणि वाळताना तपकिरी छटा वर येते. कार्पेट टाइलच्या सांध्यांतून पाणी खाली गेलं की गोंद सैल होतो. खाली वायरी नेण्यासाठी उंचावर बसवलेली फरशी असेल तर चिंता आणखी वाढते. आणि कुठलीही ओल २४ ते ४८ तासांच्या आत गेली पाहिजे, नाहीतर बुरशीला वाट मिळते. एक्स्ट्रॅक्टर वापरताना म्हणूनच एक ओली फेरी झाल्यावर दोन कोरड्या, म्हणजे पाणी न सोडता फक्त ओढून घेण्याच्या, फेऱ्या मारायच्या आणि पंखे लावायचे. घाईत आधी याच कोरड्या फेऱ्या गाळल्या जातात.

उलट, जुन्या शाम्पूचा चिकट थर साचलेलं, वर्षानुवर्षं नीट न धुतलेलं कार्पेट एन्कॅप्सुलेशनने सुधारत नाही. ते आधी एक्स्ट्रॅक्टरने धुऊन घ्यायचं आणि मग कमी पाण्याची पद्धत सुरू करायची. दारापाशीचे आणि लिफ्टसमोरचे पट्टेही वर्षातून एकदा तरी असे धुवावेत.

व्हॅक्यूम धड नसेल तर

कार्पेटमधल्या मळात सर्वांत मोठा वाटा कोरड्या धुळीचा आणि वाळूच्या कणांचा असतो. तो आधी न काढता द्रावण फवारलं की चिखल होतो. एन्कॅप्सुलेशनमध्ये तर शेवटचा टप्पाच व्हॅक्यूमचा असल्याने, ज्या इमारतीत रोजचं व्हॅक्यूमिंग कागदावरच होतं तिथे ही पद्धत हमखास अपयशी ठरते. अशा ठिकाणी यंत्राचे पैसे आधी चांगल्या व्हॅक्यूमवर घालवा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण नवं यंत्र येतं आणि जुना, पिशवी फाटलेला व्हॅक्यूम तसाच राहतो.

रसायनही पारखून घ्या. वापरायच्या प्रमाणात मिसळलेलं द्रावण थोडं काचेच्या बशीत ओता आणि पूर्ण वाळू द्या. नंतर खरवडलं की कोरडी, ठिसूळ पापडी निघाली पाहिजे. बोटाला चिकट लागलं तर ते कार्पेटवरही चिकटच राहणार आणि चपलांखालची धूळ ओढून घेणार. असं रसायन यंत्रासोबत फुकट मिळत असलं तरी घेऊ नका.

विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक मागा, तेही तुमच्याच इमारतीत, सर्वांत मळलेल्या पट्ट्यावर, अर्ध्या भागात एक यंत्र आणि अर्ध्या भागात दुसरं. त्याच दिवशी निर्णय देऊ नका. दुसऱ्या दिवशी डाग वर आले का ते बघा, मग आठवडाभर नेहमीसारखं व्हॅक्यूम करून दोन्ही भाग पुन्हा बघा.