अमेरिकेच्या अध्यक्षाची फेरनिवड : सात रस्त्याजवळच्या एका वर्गाविषयी

सोलापुरात सात रस्त्याजवळ स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका अभ्यासिकेने ‘अमेरिकेचा विद्यमान अध्यक्ष पुन्हा निवडून येतो का?’ या विषयावर घेतलेला रविवारचा वर्ग भरलेल्या शुल्काचे चीज करणारा होता. सत्तेवर असण्याचा लाभ होतो, एवढे सांगून शिक्षक थांबले नाहीत. हूवर (१९३२), फोर्ड (१९७६), कार्टर (१९८०), थोरले बुश (१९९२) आणि ट्रम्प (२०२०) यांच्या पराभवांची कारणे त्यांनी एकेक करून उलगडली. आखाती युद्धानंतर लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचलेले बुश, मंदावलेली अर्थव्यवस्था आणि करवाढ न करण्याचे मोडलेले वचन यांमुळे पुढच्याच वर्षी कसे हरले, हे विवेचन सर्वांत सरस वाटले. अध्यक्ष क्लीव्हलँड यांना १८८८ मध्ये प्रतिस्पर्धी हॅरिसन यांच्यापेक्षा देशभरात अधिक मते मिळूनही निर्वाचक मंडळात (राज्याराज्यांतून निवडलेल्या आणि अध्यक्ष ठरवणाऱ्या प्रतिनिधींच्या मतदानात) हार पत्करावी लागली आणि १८९२ मध्ये त्याच हॅरिसन यांना हरवून ते परतले, हेही फळ्यावर नीट मांडले गेले.

उणिवा मात्र आहेत. दोनदाच निवडून येण्याची मर्यादा घालणारी बाविसावी घटनादुरुस्ती (१९५१) दोन वाक्यांत उरकली. मला तो अन्याय वाटला. विजयासाठी निर्वाचक मंडळातील ५३८ पैकी २७० मते लागतात, हे गणित समजावणाऱ्या नकाशाची झेरॉक्स काळीपांढरी असल्यामुळे लाल (रिपब्लिकन पक्षाची) राज्ये कोणती आणि निळी (डेमोक्रॅटिक पक्षाची) कोणती, हे कळेना. राज्यसेवेची मराठीतून तयारी करणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. रंगीत नकाशा मात्र स्वतःचा न्यावा.