एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर घ्यावा का? घ्या, पण नुसता डबा घेऊन भागत नाही

सरळ सांगते, घरात हाताची बोटं नीट न चालणारं कुणी असेल आणि त्या माणसाला गेम खेळायची मनापासून इच्छा असेल तर हा कंट्रोलर घ्या. एक्सबॉक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गेम खेळायचं यंत्र, आणि हा त्याचा अपंगांसाठी बनवलेला कंट्रोलर. खाली बरंच लांबलंय, पण मला शोधताना मराठीत फारसं काही मिळालं नाही म्हणून जे कळलं ते सगळंच लिहून टाकतेय.

आमच्याकडे हा आला माझ्या मामेभावासाठी. बाईकच्या ॲक्सिडेंटमध्ये त्याच्या मानेच्या मणक्याला मार बसला, डॉक्टर सी-6 लेव्हल म्हणतात ती, म्हणजे खांदे चालतात, कोपर वाकतो, मनगट वर उचलता येतं, पण बोटांत पकड नाही आणि हात जोर लावून सरळ ढकलता येत नाही. आता साधा कंट्रोलर आठवा, दोन्ही हातात धरायचा, अंगठ्याने स्टिक फिरवायच्या, पहिल्या बोटाने ट्रिगर ओढायचे, म्हणजे सगळी बोटं धडधाकट आहेत हे धरूनच बनवलेली वस्तू. त्याच्या मांडीवर ठेवला की घसरून खाली. मित्र यायचे, खेळायचे, हा बघत बसायचा, आणि हळूहळू त्याला ते बघणंही नकोसं झालं, टीव्ही बंद करा म्हणायचा.

मायक्रोसॉफ्टने हा कंट्रोलर मे 2018 मध्ये जाहीर केला आणि सप्टेंबर 2018 पासून विकायला आणला, किंमत 99.99 डॉलर. आमचा नातेवाइकांनी अमेरिकेतून आणला. बॉक्सपासूनच बोलायला पाहिजे कारण मला तिथेच भरून आलं होतं. पॅकिंगला ठिकठिकाणी मोठे लूप आहेत, त्यात मनगट अडकवून ओढलं की उघडतं, कात्री नको, दाताने टेप तोडणं नको. डिझाइन करताना ‘दात वापरावे लागता कामा नयेत’ हे त्यांनी ठरवूनच घेतलं होतं. मामा सवयीने मदतीला पुढे झाला तर हा म्हणाला, "थांबा बाबा, मी करतो," आणि त्याने केलं. ॲक्सिडेंटनंतर घरात आलेलं पार्सल त्याने स्वतः उघडलंय असं हे पहिलंच.

आत काय असतं तर एक लांबट चपटी पांढरी पाटी, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, तिच्यावर बशीएवढी दोन काळी बटणं आणि एक डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं बटण. बटण कुठूनही दाबलं तरी लागतं, कडेला लागलं तरी चालतं, त्यामुळे आमचा भाऊ हात वरून नुसता सोडतो, हाताच्या वजनानेच काम होतं. खरी जादू मात्र मागच्या बाजूला. तिथे 3.5 एमएमचे 19 जॅक आहेत, आपल्या जुन्या हेडफोनची पिन बसते त्याच मापाचे, आणि दोन्ही अंगांना एकेक यूएसबी पोर्ट. कंट्रोलरवरचं जवळपास प्रत्येक बटण या जॅकमधून बाहेर काढता येतं, मग ते बटण कोपराजवळ ठेवा, पायाखाली ठेवा, डोक्यामागे लावा, तुमचं शरीर जिथे चालतं तिथे. प्रत्येक जॅकच्या वर एक खाच कोरली आहे, वाकून न बघता पिन त्या खाचेतून सरकवत नेली की बरोबर भोकात जाते. इतका बारीक विचार.

आता पैशाचा भाग, कारण डबा घेतला म्हणजे झालं असं नाही. बाहेरची बटणं, म्हणजे त्या लोकांच्या भाषेत स्विच, वेगळे घ्यावे लागतात आणि तयार चांगला स्विच एकेक 50-60 डॉलरच्या घरात जातो. चार घेतले की कंट्रोलरपेक्षा जास्त. तिथे मामा म्हणाला हे काय रॉकेट आहे का, आणि गेला पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. प्रिन्सिपल अगदी सोपं आहे हो, पिनला जोडलेल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या की बटण दाबलं गेलं, सोडल्या की सुटलं, बस. मोनो पिनची वायर, एक मोठं पुश बटण, प्लास्टिकची डबी, खाली वेल्क्रो, सोल्डरिंग गन घरात होतीच. एक स्विच शे-दीडशे रुपयांत बसला. दुकानदाराला सांगायचं की दाबलं की जोडणारं आणि सोडलं की परत येणारं बटण द्या, घराच्या दिव्यासारखं दाबून तसंच राहणारं नको. आणि बटण हलकं आहे का ते तिथेच तळहाताच्या कडेने दाबून बघा, बोटाने नाही.

कंपनीला यासाठी खरंच मानते. हा जॅक त्यांचा खास नाही, अपंगांसाठीची उपकरणं बनवणारे आधीपासून हेच माप वापरत आलेत. स्वतःचंच काहीतरी सॉकेट काढून बटणं फक्त आमचीच घ्या असं करता आलं असतं, ते केलं नाही, म्हणून आमचं घरगुती स्विच त्यावर चालतंय.

खेळतो काय, तर फोर्झा होरायझन 5, गाड्यांच्या शर्यतीचा गेम. स्टिअरिंगसाठी डाव्या पोर्टला यूएसबी जॉयस्टिक, तिच्या दांड्यावर स्पंजचा गोळा, त्यावर तळहात ठेवून मनगटाने फिरवतो. ॲक्सिलरेटरचा स्विच उजव्या कोपराखाली. आपला साधा स्विच एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे अर्धा ॲक्सिलरेटर हा प्रकारच नाही आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जायची. पण त्या गेममध्ये स्टिअरिंग-ब्रेकला मदत चालू करता येते आणि एकट्याने ऑफलाइन खेळताना अख्ख्या गेमचा स्पीड कमी करता येतो, त्याने खूप फरक पडला. एक्सबॉक्सवर कोपायलट (आता तिचं नाव कंट्रोलर असिस्ट) नावाची सोय आहे, दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूचं काम करतात, ती तर आमच्याकडे सगळ्यांची आवडती. हा स्टिअरिंग सांभाळतो आणि मामी, जिने आयुष्यात गेम हातात धरला नव्हता, ती साध्या कंट्रोलरवर ब्रेक मारते. "आई, ब्रेक, ब्रेक, अगं आत्ता!" हे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

आता समाजकार्याचं बोलते. मोठ्या टेक कंपन्या दान करतात, मायक्रोसॉफ्टनेही 2018 मध्येच अपंगांसाठीच्या एआय प्रकल्पांना पाच वर्षांत 2.5 कोटी डॉलर देऊ असं जाहीर केलं होतं आणि ते चांगलंच आहे. पण नुसते पैसे देणं वेगळं आणि त्या क्षेत्रातल्या संस्थांना सोबत बसवून वस्तू घडवणं वेगळं. या कंट्रोलरची सुरुवात वॉरफायटर एंगेज्ड या संस्थेमुळे झाली, ते जखमी सैनिकांसाठी एकेक कंट्रोलर हाताने बदलून द्यायचे, ते मायक्रोसॉफ्टच्या एका इंजिनिअरने 2014 मध्ये पाहिलं, 2015 च्या कंपनीतल्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे झटपट नवीन काही बनवून बघायच्या उपक्रमात, पहिले प्रयोग झाले. पुढे अपंगांना गेम खेळता यावेत म्हणून काम करणाऱ्या एबलगेमर्स आणि ब्रिटनमधली स्पेशलइफेक्ट या संस्था, सेरेब्रल पाल्सी फाउंडेशन आणि मणक्याच्या दुखापतींवर काम करणारं क्रेग हॉस्पिटल हे सगळे जोडले गेले. वापरताना ते जाणवतं. खालच्या बाजूला ट्रायपॉडचा स्क्रू बसेल अशी भोकं दिली आहेत म्हणजे व्हीलचेअरला किंवा पलंगाला लावता येतो, हे ऑफिसात बसून सुचत नाही, पेशंटच्या पलंगाशेजारी उभं राहिलेल्या माणसालाच सुचतं.

आणि हे वाचताना मला सारखी आपली पुण्यातली खडकी आठवते. खडकीला मणक्याच्या दुखापतीने पंगू झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, वानवडीला सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. शिवाय इथे इंजिनिअरिंग कॉलेजं किती, आयटी कंपन्या किती, त्यांचा सीएसआर फंड किती. स्पेशलइफेक्टवाले लोकांच्या घरी जातात, कुठला अवयव किती हलतो बघतात आणि उपकरणं वापरून बघायला उसनी देतात. असं पुण्यात व्हायला हवं असं मला फार वाटतं, कारण एकाला चालणारी मांडणी दुसऱ्याला चालत नाही आणि विकत घेऊन प्रयोग करणं मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानात चौकशी केली तर तिथल्या मुलाला असलं काही असतं हेच माहीत नव्हतं, त्याने साधा कंट्रोलर पुढे केला आणि भावाच्या हातांकडे बघून गप्प झाला. दोष त्या मुलाला देत नाही, पण भावाचा तो चेहरा मी विसरणार नाही.

न आवडलेलंही सांगते. वायरी फार होतात, व्हीलचेअरवरून उठताना-बसताना त्या अडकणार नाहीत असं कुणीतरी रोज बघावं लागतं. हा मुळात एक्सबॉक्स आणि विंडोजसाठीचा, सोनीच्या प्लेस्टेशनवर अधिकृतपणे चालत नाही, प्लेस्टेशनवाल्यांनी सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर बघावा, तो डिसेंबर 2023 मध्ये आला, गोल आहे, बटणांच्या टोप्या बदलता येतात, पण बाहेरच्या स्विचसाठी जॅक चारच. सोल्डरिंग जमणारं कुणी नसेल तर लॉजिटेकचा 2019 चा 99.99 डॉलरचा किट आहे, त्यात 12 बटणं-ट्रिगर एकदम मिळतात, एकेक घेण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं आणि त्यातले दोन ट्रिगर हळू-जोरात दाबता येणारे आहेत, म्हणजे तो अर्ध्या ॲक्सिलरेटरचा प्रश्न सुटतो. आमची पुढची खरेदी तीच.

त्यानंतर जॉयस्टिक. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये 29.99 डॉलरची अडॅप्टिव्ह जॉयस्टिक जाहीर केली, वायरची आहे, दांड्यावर बसवायच्या वेगवेगळ्या आकाराच्या टोप्या थ्रीडी प्रिंट करून घेता येतात. कुणी परदेशातून येणार असेल आणि बॅगेत एकाच वस्तूला जागा असेल तर आधी कंट्रोलरच मागवा, टोप्या आणि स्विच इथे होऊन जातात.