गोळ्या चालू ठेवायच्या की कमी करत सोडायच्या? फिट थांबल्यावरचा निर्णय

अपस्माराच्या गोळ्या चालू असतात आणि दोन-तीन वर्षं फिट आलेली नसते. डॉक्टर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, बघतात, जुनी फाइल चाळतात आणि म्हणतात, "हवं तर आता गोळ्या कमी करून बघू. घरी विचार करून सांगा." मग घरी आई म्हणते चाललंय ते चालू दे, काका म्हणतात एवढ्या गोळ्यांनी लिव्हर जाईल, आणि ज्याला त्या गिळायच्या असतात त्याचं मत शेवटी कुणीतरी विचारतं. आमच्या घरात भाचीच्या गोळ्या बंद झाल्या आणि धाकट्या भावाच्या चालू राहिल्या. दोन्ही निर्णय बरोबरच होते असं मला आजही वाटतं. फिट परत यायची शक्यता किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. ती आलीच तर या वर्षी आपल्याला काय किंमत पडेल, हा प्रश्न मात्र मागे राहतो. दोन्ही बाजू मांडताना माझा भर त्यावर आहे.

आकडे काय सांगतात

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अजूनही पायाभूत मानतात. किमान दोन वर्षं फिट नसलेले १,०१३ जण त्यात होते. निम्म्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, निम्म्यांच्या हळूहळू बंद केल्या. दोन वर्षांनी, चालू ठेवणाऱ्यांत ७८ टक्के आणि सोडणाऱ्यांत ५९ टक्के फिटमुक्त राहिले होते.

हे आकडे उलटे करून वाचा. सोडणाऱ्या शंभरांत ४१ जणांना फिट आली, पण इमानेइतबारे गोळ्या घेणाऱ्या शंभरांतही २२ जणांना आलीच. म्हणजे सोडल्यामुळे वाढलेला धोका शंभरात १९. "गोळी चालू आहे म्हणजे आपण सुरक्षित" हा समज यातून गळून पडतो आणि "सोडली की येणारच" हाही. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतलं अंतर कमी होत गेलं.

२०१७ साली अनेक अभ्यासांतल्या १,७६९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात औषध सोडल्यावर ४६ टक्क्यांना पुन्हा फिट आली. मात्र पाठपुराव्याच्या शेवटच्या वर्षातही फिट येत राहिलेले सुमारे ९ टक्केच होते. बाकीचे बहुतेक सावरले. मला स्वतःला ४६ पेक्षा हा ९ चा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. परत आलेल्या फिट पुन्हा गोळ्या सुरू करून सहसा आटोक्यात येतात. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे, आणि हे ज्याचं त्याला आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे.

तुमची फिट कुठल्या जातीची?

वरची सरासरी तुम्हाला जशीच्या तशी लागू नाही. लहान मुलांमध्ये झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, असा एक प्रकार असतो. रोलँडिक म्हणतात त्याला. तो वयात येता येता, साधारण सोळाव्या वर्षापर्यंत, आपोआप जातो. भाचीला हाच होता, त्यामुळे तिच्या बाबतीत फार चर्चाच झाली नाही. शाळेच्या वयात क्षणभर टक लावून हरवणाऱ्या मुलांपैकीही बरीच मोठेपणी त्यातून बाहेर पडतात.

भावाचं उलट. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसून चहाचा कप उडायचा, आणि परीक्षेच्या जागरणानंतर मोठी फिट यायची. किशोरवयात सुरू होणारा हा मायोक्लोनिक प्रकार औषधाला छान दाद देतो, पण औषध थांबवलं की फार मोठ्या प्रमाणात परततो. वर्षानुवर्षं फिट नाही याचा अर्थ तिथे "बरा झाला" असा नसतो, "गोळी काम करतेय" असा असतो.

आपल्याकडे आणखी एक गट मोठा आहे. फीतकृमीच्या अळीमुळे मेंदूत गाठ होऊन येणाऱ्या फिट. एकच गाठ असेल आणि ती पुढच्या स्कॅनमध्ये पूर्ण विरली असेल, तर काही महिन्यांतच गोळ्या कमी करायचा विचार करता येतो. गाठीच्या जागी चुन्याचा डाग उरला असेल तर धोका राहतो. म्हणून "गाठ गेली का" एवढंच न विचारता "डाग उरलाय का" हे विचारा. डोक्याला मार, पक्षाघाताचा व्रण, एकाहून जास्त औषधं लागलेली, ईईजीत अजून गडबड, ही सगळी सावकाश जाण्याची कारणं.

सोडून मिळतं काय, जातं काय

मिळतं ते थोडंथोडकं नाही, कारण गोळ्यांचे दुष्परिणाम टळतात. फेनिटॉइनने सुजलेल्या हिरड्या, व्हॅल्प्रोएटने वाढलेलं वजन आणि गळणारे केस, लेव्हेटिरासिटॅमची चिडचिड, गार्डिनलची (फेनोबार्बिटोन) सुस्ती, काही जुन्या औषधांनी वर्षानुवर्षं ठिसूळ होणारी हाडं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात औषध सोडलेल्यांची मेंदूची कामगिरी चाचण्यांमध्ये सुधारलेली दिसली. त्यात एकाच औषधावर असलेले लोक घेतले होते आणि भावासारखा मायोक्लोनिक प्रकार वगळला होता, हे लक्षात ठेवून ते वाचावं.

मूल हवं असलेल्या बाईसाठी व्हॅल्प्रोएटचा प्रश्न सगळ्यात मोठा. गर्भात त्याचा परिणाम झालेल्या बाळांपैकी साधारण दहात एकाला जन्मजात व्यंग असतं, आणि शंभरातल्या ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. पण दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळी फेकून देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. गर्भ राहण्याच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोला. तिथे तिसरा रस्ताही असतो, औषध बदलायचा किंवा डोस उतरवायचा. चालू किंवा बंद अशी दोनच टोकं धरून बसायला नको.

जातं काय? वाहन. आपल्याकडे लायसन्सच्या घोषणापत्रात अपस्माराबद्दल थेट प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये औषध कमी करताना आणि शेवटच्या गोळीनंतर सहा महिने गाडी चालवू नका असा सल्ला देतात. मला तो आपल्यालाही शहाणपणाचा वाटतो. टेम्पोवर पोट असलेल्या माणसाने गोळी सोडणं आणि घरून काम करणाऱ्याने सोडणं, दोघांची टक्केवारी एक असली तरी निर्णय एक नाही. बारावीचं वर्ष, नवी नोकरी, घरात बाळ लहान, यांपैकी काही असेल तर वर्षभर थांबायला हरकत नाही. लग्न ठरतंय म्हणून लपवण्यासाठी गोळ्या बंद करणारी घरंही बघितली आहेत. १९९९ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही आडकाठी राहिलेली नाही, तेव्हा त्या भीतीपायी मांडवात फिट ओढवून घेण्यात काय अर्थ आहे?

आणि एक कटू गोष्ट. अपस्मार असलेल्या प्रौढांत दर हजारी साधारण एकाचा दरवर्षी अचानक मृत्यू होतो. अंगभर आचके येणाऱ्या, विशेषतः रात्रीच्या फिट ज्यांना येत राहतात, त्यांना धोका जास्त. ज्याच्या जुन्या फिट अशा होत्या आणि जो खोलीत एकटा झोपतो, त्याने हे तराजूत धरावं.

सावकाश की लवकर?

मुलांवरच्या १९९४ सालच्या एका अभ्यासात सहा आठवड्यांत औषध बंद केलेली आणि नऊ महिने लावलेली मुलं यांच्यात फिट परतण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना साधारण किमान तीन महिने घ्या म्हणतात. क्लोबाझॅम, क्लोनाझेपॅम, गार्डिनल ही मात्र त्याहून हळू सोडायची, कारण ती झपकन काढली तर सवयीची झालेली औषधं तुटल्यानेच फिट येऊ शकते. माझं मत, दीड-दीड वर्षं पाव गोळी, अर्धी गोळी करत बसण्यात धाकधूकच लांबते आणि डोसचा घोळ होतो. दोन औषधं असतील तर एका वेळी एकच. अचानक सगळं बंद, हे कुणीही करू नये. त्यातून न थांबणारी फिट येऊ शकते.

घरात काय ठेवाल

तीन गोष्टी डॉक्टर लिहून देतात. मिडाझोलमचा नाकात मारायचा फवारा, गुदद्वारातून द्यायचं डायझेपॅम, आणि क्लोबाझॅमची गोळी. पहिली दोन फिट चालू असतानाची आहेत. फवारा शाळेत, लोकलमध्ये, चारचौघांत देता येतो, म्हणून जमेल तिथे मी तोच निवडेन. किती फवारे हे वजनावरून ठरतं. डॉक्टरांकडून ते विचारून डबीवरच मार्करने लिहा आणि एक्स्पायरीची तारीखही बघा. क्लोबाझॅम मात्र शुद्धीत असतानाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापुरतं. ताप, प्रवास, किंवा एकामागून एक लहान फिट येताना ते कामी येतं. आचके चालू असताना तोंडात गोळी, पाणी, चमचा, काहीही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्या शोधण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर फवारा द्या आणि १०८ लावा. फवाऱ्यानंतर श्वास नीट चालू आहे ना, तेही बघत राहा.

बाकीचं साधं आहे, पण पाळलं जात नाही. न्हाणीघराला कडी नको. विहिरीत, नदीत एकट्याने पोहणं नको. रेल्वेत वरचा बर्थ नको आणि लोकलच्या दारात उभं राहणं तर नकोच. गणपतीच्या मिरवणुकीचं जागरण आणि दारू त्या वर्षापुरती सोडा. नवरात्रीचे उपवास डॉक्टरांना विचारूनच करा, कारण झोप आणि जेवण दोन्ही मोडलं की जुन्या फिटला निमित्त मिळतं.

मध्येच फिट आलीच तर आपल्या मनाने डोस दुप्पट करू नका आणि "झालं, संपलं" असंही ठरवू नका. त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा ते आधीच्या पायरीवर, म्हणजे ज्या डोसवर ठीक होतं तिथे, परत नेतात. फिट किती मिनिटं चालली, कुठून सुरू झाली, आदल्या रात्री झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, हे लिहून ठेवा. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, कारण डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो. शेवटची गोळी घेतल्यावर लगेच फवारा फेकू नका. परतणाऱ्या फिटपैकी बऱ्याचशा पहिल्या सहा महिन्यांत आणि बहुतेक पहिल्या वर्षात परततात, तेव्हा किमान तेवढा काळ तो घरात राहू द्या.