यकृत तपासणीचे पॅकेज : आतड्याच्या कर्करोगानंतर ते घ्यावे का?

माझ्या थोरल्या बंधूंच्या मोठ्या आतड्यावर दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली. कर्करोग तिसऱ्या टप्प्याचा होता, म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला होता, आणि म्हणून पुढे सहा महिने ऑक्झालिप्लॅटिन असलेली केमोथेरपी घ्यावी लागली. दादांचे वय ५८, वजन ९२ किलो, मधुमेह जुना, आणि सोनोग्राफीच्या प्रत्येक अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ ही ओळ ठरलेली. त्या ओळीकडे आम्ही घरच्यांनी कधी गांभीर्याने पाहिले नव्हते. गेल्या महिन्यात पुण्यातील एका तपासणी केंद्रात आम्ही त्यांच्यासाठी यकृत तपासणीचे पॅकेज घेतले. त्यात रक्ताच्या तपासण्या, सीईए (आतड्याच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी रक्तात मोजले जाणारे प्रथिन), पोटाची सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन आणि शेवटी यकृततज्ज्ञांचा सल्ला असे सारे मिळून ६,८०० रुपये पडले. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आतड्याच्या कर्करोगात यकृताची एवढी काळजी का करायची, हे आधी सांगणे आवश्यक आहे. मोठ्या आतड्यातील रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून प्रथम यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. गाठीपासून सुटलेल्या पेशी रक्तात मिसळल्या, तर त्यांना अडवणारी पहिली मोठी चाळणी यकृताचीच असते, आणि म्हणूनच हा आजार पसरतो तेव्हा बहुतेक वेळा आधी यकृतात दिसतो. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातील रक्त मात्र वेगळ्या शिरांनी जाते, त्यामुळे तेथील कर्करोग यकृत टाळून फुप्फुसातही जाऊ शकतो. पण केवळ वाट मिळाली म्हणून बी रुजत नाही, जमीनही तशी लागते. बी आणि जमीन ही उपमा इंग्लंडमधील शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडली होती. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, चरबी साठलेल्या यकृताच्या पेशी सूक्ष्म पुटिकांतून असे संदेश सोडतात की ज्यांमुळे तेथे पोहोचलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशींची वाढ सोपी होते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. माणसांच्या बाबतीत यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही ‘फॅटी लिव्हर काय, सगळ्यांनाच असते’ असे म्हणणे आम्ही त्या दिवसापासून सोडून दिले.

आता पॅकेजविषयी. त्यातील सर्वांत चांगला भाग फायब्रोस्कॅनचा होता. फ्रान्समध्ये तयार झालेले हे यंत्र बरगड्यांच्या मधून यकृतात एक हलका ठोका पाठवते आणि त्यातून उठलेली लहर किती वेगाने जाते त्यावरून यकृत किती ताठर झाले आहे ते किलोपास्कलमध्ये सांगते. चरबीचे प्रमाण ‘कॅप’ नावाच्या दुसऱ्या आकड्यात येते. तपासणीआधी किमान तीन तास काही खायचे नसते, कारण जेवणानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढून आकडा फुगतो. नोंदणी करतानाच फोनवर ही सूचना स्पष्ट मिळाली होती. मधुमेही माणसाला उपाशी ताटकळावे लागू नये म्हणून सकाळची पहिली वेळ दिली, हेही नोंदवतो. तंत्रज्ञ ताईंनी दादांच्या अंगयष्टीचा विचार करून स्थूल व्यक्तींसाठीचा मोठा प्रोब वापरला, घाई न करता दहा मोजण्या घेतल्या आणि त्यांतील तफावत मर्यादेत आहे ना, हे पडद्यावर आम्हाला दाखवले. ताठरपणा ७.१ किलोपास्कल आला, म्हणजे गंभीर व्रणीभवनाची (यकृतात कठीण व्रण साठण्याची) शक्यता कमी. कॅप मात्र ३१८, म्हणजे चरबी भरपूर.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण प्रतीक्षाकक्षात तो आम्हाला दोघातिघांकडून ऐकू आला. फायब्रोस्कॅन गाठ शोधत नाही. ते यकृताच्या अगदी छोट्या तुकड्याचा, साधारण तीन घनसेंटिमीटरचा ताठरपणा मोजते. संपूर्ण यकृताचा तो सुमारे पाचशेवा भाग. अहवाल चांगला आला म्हणजे कर्करोग यकृतात पसरलेला नाही, असे समजून कोणी सीटी स्कॅन पुढे ढकलू नये. केंद्राच्या माहितीपत्रकात ‘यकृताच्या सर्व आजारांचे लवकर निदान’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. ते वाक्य त्यांनी काढून टाकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सोनोग्राफीबाबत मी समाधानी नाही. यंत्र उत्तम होते, डॉक्टरही सौजन्याने वागले, पण अहवालात ‘फॅटी लिव्हर ग्रेड २, गाठ आढळली नाही’ एवढेच लिहिले होते. चरबीने भरलेले यकृत सोनोग्राफीत पांढुरके दिसते, ध्वनिलहरी खोलवर पोहोचत नाहीत आणि मागच्या भागातील लहान गाठ नजरेतून निसटू शकते. साध्या सीटीमध्येही चरबीमुळे यकृत काळसर दिसते आणि त्यावर गडद गाठ उठून दिसत नाही. आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण समोर असताना ‘चरबीमुळे मागचा भाग नीट दिसला नाही’ हे एक वाक्य लिहिणे फारसे कठीण नव्हते. आम्ही विचारल्यावर डॉक्टरांनी ते तोंडी मान्य केले, परंतु कागदावर ते आलेच नाही, आणि पुढचा डॉक्टर वाचतो तो कागदच.

रक्ताच्या तपासण्या वेळेवर मिळाल्या. सीईए ४.६ आला. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेत तो २.९ होता, त्यामुळे ती रात्र घरात कोणी नीट झोपले नाही. माँट्रिअल येथील फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये शोधलेले हे प्रथिन रक्तातून काढून टाकण्याचे काम यकृतच करते, म्हणून यकृत आजारी असले तरी सीईए थोडा वाढू शकतो. धूम्रपानानेही वाढतो, आणि दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी आकडे जुळत नाहीत. नमुना घेताना कोणीतरी ‘आधीची तपासणी कोठे केली होती?’ एवढे विचारले असते, तर आम्ही तीच प्रयोगशाळा धरून ठेवली असती. पॅकेज घेणाऱ्यांनी सीईए तेवढा वगळून तो नेहमीच्या ठिकाणीच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली दोन वर्षे तो दर तीन ते सहा महिन्यांनी करायचा असतो, आणि त्यात एका आकड्यापेक्षा चढउताराची दिशा महत्त्वाची असते.

दुसरी एक तक्रार औषधांच्या खिडकीची आहे. पैसे भरताना तेथील कर्मचाऱ्याने दादांना ‘लिव्हर साफ करणारे’ चूर्ण पुढे केले आणि केमो घेतलेल्या सर्वांना ते देतो, असे सांगितले. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली होती, हे मी वाचले होते, म्हणून आम्ही नम्रपणे नकार दिला. ज्या इमारतीत यकृततज्ज्ञ बसतात तेथेच, त्यांना न विचारता, घटकद्रव्यांचे प्रमाण न छापलेले चूर्ण विकले जावे, ही गोष्ट मला अजिबात पटली नाही.

यकृततज्ज्ञांच्या सल्ल्याने मात्र सगळी भरपाई केली. त्यांनी पंचवीस मिनिटे दिली आणि जुनी संपूर्ण फाईल पाहिली. वय, यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून काढलेला, व्रणीभवनाचा अंदाज देणारा ‘फिब-४’ हा निर्देशांक २.५९ आला होता, १.३ च्या वरचा आकडा असल्याने संगणकाने लाल खूण केली होती. डॉक्टरांनी सांगितले की ऑक्झालिप्लॅटिन यकृतातील बारीक रक्तवाहिन्यांना इजा करते, त्यातून प्लीहा वाढते आणि प्लेटलेट बराच काळ कमी राहू शकतात. दादांच्या १,१८,००० प्लेटलेटमुळे तो आकडा फुगला असावा, आणि फायब्रोस्कॅनचे ७.१ हे माप त्याच्याशी जोडून पाहायला हवे. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी आम्हाला आजवर कोणी सांगितली नव्हती. उद्या यकृतात गाठ निघालीच, तर अनेकदा ती कापून काढता येते, कारण यकृत पुन्हा वाढते. पण निरोगी यकृताचा पाचवा हिस्सा मागे राहिला तरी भागते, केमोने थकलेल्या यकृताचा सुमारे तीस टक्के भाग ठेवावा लागतो, आणि सिरॉसिस असेल तर चाळीस टक्के. आज चरबी कमी करणे म्हणजे उद्याच्या शस्त्रक्रियेसाठी जागा राखून ठेवणे आहे, असे ते म्हणाले. दादांनी त्यानंतर घरी येईपर्यंत एक शब्द उच्चारला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते पर्वतीच्या पायथ्याशी चालायला गेले.

या डॉक्टरांनीच यकृतासाठीचे विशेष औषध शिरेतून देऊन एमआरआय करायला लिहून दिले. तो आम्ही अन्यत्र करून घेतला. गाठ आढळली नाही. पित्ताशयाजवळ चरबी न साठलेला एक पट्टा तेवढा दिसला, जो सोनोग्राफीत गाठीसारखा भासू शकतो. महिनाभराने जुन्या प्रयोगशाळेत पुन्हा केलेला सीईए ३.० आला. वजन ८९ किलोवर आले आहे, आणि शरीराच्या वजनाच्या सात ते दहा टक्के घट झाली तर यकृतातील चरबीबरोबर सूजही उतरते, असे डॉक्टरांनी सांगितल्याने ८४ चा आकडा स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. सहा महिन्यांनी याच केंद्रात जाऊ, पण पूर्ण पॅकेज न घेता फक्त फायब्रोस्कॅन आणि यकृततज्ज्ञांची वेळ घेऊ. दोन्ही सुटे घेता येतात, याची चौकशी मी खिडकीवर केलेली आहे.