भंडारदरा की तापोळा? दोघांनी गाडी काढण्याआधी

शनिवार-रविवार मोकळा आहे, गाडी आपलीच आहे, सोबत दोघंच आहेत आणि पाणी हवं, डोंगरही हवेत. पुण्यात अशी चर्चा सुरू झाली की बहुतेक वेळा दोन नावं उरतात: उत्तरेला भंडारदरा, दक्षिणेला तापोळा. दोन्ही ठिकाणी धरणाचं अथांग पाणी आहे आणि सह्याद्रीचा ऐन माथा आहे, म्हणून लोक कुठलंही एक उचलतात. पण तुम्हाला गाडी चालवण्यातच आनंद असेल, तर दोन्हींत मोठा फरक आहे. तापोळ्याचा रस्ता पाण्यापाशी जाऊन संपतो. भंडारदऱ्याचा रस्ता पाण्याला वळसा घालतो.

आधी तापोळा. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी घाट मागे टाकला की वाई. इथे घाईने पुढे जाऊ नका. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या आणि वेळ असेल तर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघून या. मग पसरणी घाट. रुंद, चांगला रस्ता आहे, आणि वर चढताना धोम धरणाचं पाणी खाली पसरलेलं दिसतं. पाचगणी ते महाबळेश्वर या पट्ट्यात मात्र सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग ठरलेली. खरा प्रवास महाबळेश्वर सोडल्यावर सुरू होतो. तापोळ्याचा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटर सतत उतरत, वळत जातो आणि मधेच झाडीतून कोयनेचा शिवसागर जलाशय दिसायला लागतो. खाली पोचल्यावर गाडी लावायची आणि बोटीत बसायचं. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर बसू नका.

सप्टेंबरमध्ये जात असाल तर याच जलाशयाच्या दुसऱ्या काठाला, बामणोलीला, साताऱ्याहून कासमार्गे उतरा. कासचं पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे आणि फुलांच्या हंगामात तिथे आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. फुलं बघून तासाभरात पाण्यावर, असा दिवस दुसरीकडे मिळणं कठीण.

आता भंडारदरा. अंतर जास्त, पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, आणि सुरुवातच चाकणच्या कोंडीने होते. नारायणगावला मिसळ खाऊन आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर, अकोले, राजूर असं गेलात तर रस्ता सोपा आहे. राजूरपर्यंत हा प्रवास तसा साधाच, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे जोडीदाराची निराशा व्हायची नाही.

धरणाच्या काठावरच्या शेंडी गावात पोचलात की मग बघा. प्रवरेवरचं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचं धरण, 1926 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पाण्याभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी असा पूर्ण फेरा गाडीने करता येतो. पाणी कधी हाताशी येतं, कधी भातखाचरांच्या पलीकडे जातं, पण फार वेळ नजरेआड होत नाही. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलात की जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसतं. साम्रदला सांदण या अरुंद, खोल दरीचं तोंड आहे. आत उतरायचं तर वाटाड्या घ्या आणि पावसाळ्यात तिकडे फिरकू नका.

या फेऱ्यात सगळ्यात जास्त वेळ रतनवाडीला द्या. अमृतेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं आहे आणि शिखरावर नक्षीचे उभे पट्टे खालपासून वरपर्यंत चढत जातात. बोटभर जागाही मोकळी सोडलेली नाही. शेजारच्या पुष्करणीत पायऱ्या उतरून गेलात की भिंतीतल्या छोट्या कोनाड्यांत मूर्ती दिसतात, आणि मान वर केली की थेट रतनगड. याच डोंगरात प्रवरेचा उगम आहे. गावातल्या घरी सकाळी सांगून ठेवलंत तर परतताना गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा तयार असतो.

राहण्याची सोय, बाजारपेठ, जवळ दवाखाना या बाबतीत महाबळेश्वरची बाजू उजवी आहे. घरात लहान बाळ असेल तर महाबळेश्वरात मुक्काम करावा आणि तापोळा एका दिवसात करून यावं. भंडारदऱ्याला पेट्रोल अकोल्यातच भरून घ्या. घाटघरकडे मोबाइलची रेंज येते-जाते आणि अंधारात तो फेरा करू नये.

ऋतूचं म्हणाल तर भर पावसात दोन्हीकडे धुकं इतकं दाटतं की पाणीच दिसत नाही. मे महिन्यात धरणं खाली गेलेली असतात आणि काठाला लाल माती उघडी पडते, तरी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे येतात आणि तेवढ्यासाठी लोक रात्र काढायला जातात. माझ्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाणी काठोकाठ, हवा स्वच्छ, भात पिवळा पडायला लागलेला.

लग्नानंतरची पहिलीच सहल असेल, आराम हवा असेल, तर तापोळा. एकमेकांशी बोलत, वाटेल तिथे गाडी थांबवत फिरायचं असेल, तर मी दरवेळी भंडारदराच सांगेन. तेवढे दोन दिवस मात्र पूर्ण द्या आणि पहाटे पाचला पुणं सोडा, म्हणजे चाकण मोकळं मिळतं. एकच दिवस हातात असेल तर दोन्ही नावं सोडून द्या आणि चांदणी चौकातून पौडमार्गे मुळशी, ताम्हिणीला जा. संध्याकाळी घरी याल.