डेटाबेसमधून भरणारे ड्रॉपडाउन: काही महिन्यांच्या वापरानंतर

विभाग, पदनाम, वस्तूचा प्रकार अशा ड्रॉपडाउन याद्या (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या, एक पर्याय निवडायच्या) आमच्या फॉर्ममध्ये पूर्वी हाताने एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये, लिहिलेल्या होत्या. आता त्या थेट डेटाबेसच्या टेबलांमधून येतात. बदलत राहणाऱ्या यादीसाठी हाच मार्ग योग्य, हे मी आता ठामपणे सांगेन. नवा विभाग निघाला की टेबलात एक ओळ वाढते आणि नोंदणी, शोध, अहवाल सगळीकडे तो दिसू लागतो. ऑप्शनच्या व्हॅल्यूत (फॉर्मसोबत सर्व्हरकडे जाणाऱ्या किमतीत) ओळीचा आयडी, म्हणजे ओळखक्रमांक, आणि दिसायला नाव ठेवलं, की नाव सुधारूनही जुन्या नोंदी शाबूत राहतात.

खरी कसोटी जुनी नोंद दुरुस्तीला उघडल्यावर लागते. बंद पडलेला विभाग डिलीट करायला गेलं तर फॉरेन की (नोंदीला विभागाच्या ओळीशी बांधणारा डेटाबेसचा नियम) अडवते, आणि अडवायलाच हवं. म्हणून टेबलात 'चालू' असा कॉलम असतो आणि यादीत फक्त चालू ओळी येतात. पण मग जुन्या नोंदीतला बंद विभाग यादीत सापडत नाही, आणि ब्राउझर गुपचूप पहिला पर्याय निवडतो. फक्त फोन नंबर बदलायला आलेल्या माणसाने सेव्ह केलं की विभागही बदलतो आणि कुणाला पत्ता लागत नाही! उपाय क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसकडून यादी मागवणाऱ्या आज्ञेतच, आहे: चालू ओळी घ्यायच्या, शिवाय या नोंदीत आधीपासून असलेली ओळही घ्यायची, तिच्यापुढे 'बंद' असं लिहून. आणि पहिला पर्याय रिकाम्या व्हॅल्यूचा, फील्ड रिक्वायर्ड, म्हणजे भरल्याशिवाय सेव्ह न होणारं.

मराठी नावांच्या क्रमाकडेही बघा. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत) 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. 'क्ष' तर 'क'मध्येच जाऊन बसतो. नुसत्या कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत माणूस नाव शोधत राहतो. छोट्या यादीला मी सरळ क्रमांकाचा वेगळा कॉलम देते.

हजारो ओळी असतील तर ड्रॉपडाउनचा हट्ट सोडावा. दोन-तीन अक्षरं टाइप केल्यावर सर्व्हरकडून मोजकेच पर्याय आणणारी शोधपेटी मोबाइलवर फार सुखाची पडते. जिल्हा निवडल्यावर तालुके भरणारी जोडी असेल, तर जिल्हा बदलताच आधीचा तालुका पुसायला हवा.

आणि आलेला आयडी सर्व्हरवर पुन्हा तपासायचाच. ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स (पानाचा कोड बघायची-बदलायची साधनं) उघडून व्हॅल्यू कुणीही बदलू शकतं, त्यामुळे तो तालुका खरंच त्या जिल्ह्यातला आहे का, हेही तिथेच बघावं लागतं.